मेडिकल अनफिट झालो मी, भोगलं तिनं

(मस्कतमधल्या मराठी कामगारांच्या शुक्रवारच्या बैठकीत गावाकडून फोनवर झालेलं हे भाषण. बोलणारे दादा पूर्वी शटरिंगचे सुतार होते. त्यांच्या आणि वहिनींच्या सांगण्यावरून नाव-गाव दिलेलं नाही. बोलण्यात जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

भावांनो, मागे दोन-तीन ताया पण बसल्यात असं आत्ताच कळलं. आवाज येतोय का? फोन एसीपासून जरा लांब ठेवा, घरघर ऐकू येतेय.

शुक्रवार म्हणजे तुमचा कपडे धुवायचा, मटण शिजवायचा आणि घरी फोन लावायचा वार. त्यातला तासभर मला दिला, बरं वाटलं. विषय ऐकल्यावर दोघं-तिघं उठून गेले म्हणे. जाऊ द्या. मी पण तिथं असतो तर उठलो असतो. आठ वर्षं मी पण त्याच खोल्यांत राहिलो आणि ‘एड्स’ हा शब्द निघाला की चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पडायचो.

२००४ साली मी मस्कतला आलो. शटरिंग कारपेंटर. दर दोन वर्षांनी बतका रिन्यू करताना मेडिकल व्हायचं, रक्त द्यायचं आणि विसरून जायचं. २०१२ ला रक्त दिलं आणि तिसऱ्या दिवशी साइटवरून बोलावून घेतलं. पुन्हा रक्त. मग पीआरओ म्हणाला, तू अनफिट आहेस, सामान भर. कशात अनफिट, ते कुणी सांगेना. पासपोर्ट हातात दिला तो विमानतळावर. हिशेबाच्या कागदावर सही आधीच घेतलेली होती, त्यावर आकडा काय होता तो मी वाचलासुद्धा नाही. मी काय आजार घेऊन चाललोय हे मला मुंबईला उतरल्यावर एजंटच्या माणसाकडून कळलं. आणि त्याच माणसानं माझ्या आधी आमच्या गावात फोन केलेला होता.

ही झाली माझी गोष्ट, आणि अशी गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकानं कुणा ना कुणाची ऐकलेली असेल. ‘बिचारा, आठ वर्षं राबला आणि असं झालं’ इथवर येऊन ती संपते. मी पण बरीच वर्षं ती इथवरच सांगत होतो. आज मी बोलणार आहे ते त्याच्या पुढचं. त्याच घरात, त्याच आजारासकट माझी बायको जगत होती, तिचं काय?

आमच्याकडं एआरटी केंद्रावर, म्हणजे जिथं या आजाराच्या गोळ्या फुकट मिळतात तिथं, एकदा एक शिकणारी मुलगी कागद घेऊन आली. जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्ही असलेल्या माणसांसाठी एकतीस प्रश्नांची एक यादी केलेली आहे. तुमचं जगणं कसं चाललंय ते त्यात विचारतात. नुसतं दुखतंय-खुपतंय नाही. झोप लागते का, पैसा पुरतो का, घरात सुरक्षित वाटतं का, मित्रांचा आधार आहे का, मरणाची काळजी वाटते का, पुढच्या दिवसांची भीती वाटते का. प्रत्येकाला एक ते पाच आकडा द्यायचा. मी एका बाकावर बसलो, बायको दुसऱ्या खोलीत.

परत येताना एसटीत मी सहज विचारलं, काय लिहिलंस? ती आधी सांगेना. मग एक-एक निघत गेलं. एक प्रश्न असा होता की, या आजाराबद्दल लोक तुम्हाला दोष देतात, त्याचा कितपत त्रास होतो. मी लिहिलं होतं, अजिबात नाही. खरंच नव्हता होत. मला कुणी दोष देतच नव्हतं! तिनं लिहिलं होतं, अतिशय.

मी तिला म्हणालो, अगं तुला कोण दोष देतं? ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. आमचं स्टँड आलं तेव्हा एवढंच म्हणाली, “तुम्ही घरात असताना कोण देईल?”

भावांनो, आजार माझ्याकडून तिला गेला. मी कुठं गेलो होतो ते मला माहीत आहे. गावालाही अंदाज आहे. तरी आमच्या आईनं पहिल्या महिन्यात बोलून दाखवलं ते तिलाच. बाईचा पायगुणच असा. नवरा लांब ठेवला, सांभाळता आला नाही. तिचं ताट-तांब्या वेगळा झाला, माझा नाही. मी आईच्या हातचं जेवत होतो आणि हिला चुलीला हात लावायची बंदी. घरात आजारी दोघं, विटाळ एकीचाच.

तपासणीचं पण तसंच. माझ्याबरोबर केंद्रावर थोरला भाऊ आला होता, गाडी करून. ती आठ दिवसांनी एकटी गेली, एसटीनं. रिपोर्ट हातात घेऊन एकटी परत आली आणि आल्या-आल्या जनावरांना पाणी दाखवायला गेली. माझी सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशींची मोजणी, १८० निघाली. तिची चारशेच्या वर. तेव्हाचा नियम असा होता की साडेतीनशेच्या खाली आल्यावर गोळी सुरू करायची. माझी लगेच सुरू झाली. रात्रीच्या गोळीनं गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, मी सहा महिने अंथरुणातच होतो म्हणा ना. ती ‘चांगली’ होती म्हणून माझं करायचं तिनं, रोजगाराला जायचं तिनं, मुलाची शाळा तिनं. २०१४ ला ती टीबीनं आडवी झाली तेव्हा तिचं करायला तिची आई आली. आमच्या घरातलं कुणी नाही. मी चहा करून द्यायचो. एवढंच करायचो आणि त्यालाही गावात लोक म्हणायचे, बघा, बायकोचं किती करतोय.

आता नियम बदललाय. २०१७ पासून आपल्याकडं मोजणी कितीही असू दे, निदान झालं की गोळी सुरू होते. ही गोष्ट सगळ्यांच्या फायद्याची, पण बाईच्या जास्त. तिचा दुखणाईत व्हायची वाट बघायचा काळ गेला.

जरा आकड्यांचं बोलतो, फार नाही. भारतात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, त्यात शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास बायका. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. त्यातल्या बहुतेक बायकांना लागण झाली ती स्वतःच्या नवऱ्याकडून. हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. १९९७ साली पुण्यातल्या डॉक्टर रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हे छापून आणलं. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या, नवरा सोडून दुसरा पुरुष माहीत नसलेल्या लग्नाच्या बायकांत त्यांना एचआयव्ही सापडला. तोवर समज असा होता की हा आजार ‘तसल्या’ बायकांचा. शरीराची रचना पण अशी आहे की संबंधातून पुरुषाकडून बाईला लागण लवकर होते.

या एकतीस प्रश्नांचे आणि तसल्याच इतर याद्यांचे अभ्यास भारतात पुष्कळ ठिकाणी झालेत. ते सगळे एका सुरात बोलत नाहीत, हे पण सांगायला पाहिजे. काही ठिकाणी बाई-पुरुषाच्या आकड्यात फरक दिसत नाही. काही ठिकाणी श्रद्धा, देवधर्म या बाबतीत बायकाच वरचढ. पण मन, पैसा, राहायची जागा, सुरक्षितता यांत बायकांचे आकडे खाली, असं पुष्कळ ठिकाणी निघालंय. आमच्या केंद्रावरच्या समुपदेशक ताई एकदा म्हणाल्या, रक्ताचे रिपोर्ट बघितले तर बाई बरी असते, तोंड बघितलं तर पुरुष बरा असतो. ते पटलं मला. कारण पुरुष उशिरा तपासणीला येतो, गोळी चुकवतो, दारू पितो आणि लवकर मरतो. बाईची तपासणी गरोदरपणात आपोआप होते, ती गोळी वेळेवर घेते, जगते. पण जगायचं कशावर आणि कुठं, तिथं घोडं अडतं.

माझा एक मित्र होता. मस्कतलाच, दुसऱ्या कंपनीत, स्टील फिक्सर. माझ्यानंतर वर्षभरानं तो पण तसाच परत आला. त्यानं बायकोला सांगितलं नाही, केंद्रावर आला नाही, देशी दारूच्या दुकानात गेला. २०१५ ला गेला. नऊ वर्षं पाठवलेल्या पैशातून गावात त्यानं स्लॅबचं घर बांधलं होतं. पुढं ग्रील, वर पाण्याची टाकी गरुडाच्या आकाराची, तुम्ही बघितली असतील तसली घरं. उताऱ्यावर नाव वडिलांचं. तेराव्यानंतर सासऱ्यांनी सुनेला सांगितलं, माहेरी जा. तिच्या हातात नवऱ्याच्या कमाईचा एक कागद नव्हता. बँकेचं खातं दिराबरोबर जॉइंट. ती आज माहेरच्या परड्यात पत्र्याच्या खोलीत राहते आणि द्राक्षबागेत छाटणीला जाते.

ही एकटीची तऱ्हा नाही. महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या एका मोठ्या पाहणीचा अहवाल २००६ साली आला होता, पाहणी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं झालेली. त्यात एचआयव्ही असलेल्या विधवांपैकी ७९ टक्के बायकांनी सांगितलं की नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला नाही. पाचातल्या जवळजवळ चौघी. आणि हिंदू वारसा कायदा १९५६ पासून सांगतोय की विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे!

म्हणून मी तुम्हाला एचआयव्हीच्या भाषणात सात-बाराचं सांगतोय, हसू नका. आजार झालेला असो वा नसो. तुम्ही बाहेर आहात, उद्या क्रेनखाली सापडलात तरी गोष्ट तीच. पैसा कुणाच्या खात्यावर जातोय ते बघा. बायकोच्या स्वतःच्या नावाचं खातं उघडा. घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं, सरकारनं २००३ साली त्यासाठी ‘घर दोघांचे’ अशी मोहीमच काढली होती. तुमच्या नावावरच्या जमिनीत बायकोचं नाव लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. वडील नाराज होतील. होऊ द्या. माझे पण झाले होते, दोन महिने बोलले नाहीत.

आता कायद्याचं. २०१७ साली एचआयव्ही-एड्स कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आपल्या देशात कुणी तुमच्या संमतीशिवाय तुमची ही तपासणी करू शकत नाही, निकाल बाहेर फोडू शकत नाही, नोकरीवरून, दवाखान्यातून, भाड्याच्या खोलीतून या कारणानं काढू शकत नाही. एजंटच्या माणसानं आमच्या गावात फोन केला तेव्हा हा कायदा नव्हता. आज असता तर मी त्याला सोडला नसता. बायकांसाठी त्यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, घरातून हाकलता येत नाही, राहत्या घरात राहायचा हक्क आहे. दुसरी अशी की, डॉक्टर एरवी जोडीदाराला सांगू शकतात, पण सांगितल्यावर मारहाण होईल किंवा नवरा टाकून देईल अशी भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर डॉक्टरनं सांगायचं नाही. कायदा लिहिणाऱ्यांना पण ठाऊक होतं बघा, की पुरुषाचा रिपोर्ट फुटला तर हळहळ होते आणि बाईचा फुटला तर मार बसतो.

मागे बसलेल्या तायांसाठी एक सांगतो. आमच्या गटात एक ताई आहे, कुवेतला घरकामाला होती. मेडिकलमध्ये सापडली, परत पाठवली. नवरा म्हणाला, तिकडं काय धंदे केलेस? तिनं सांगितलं, आधी तुमचं रक्त तपासा. त्यानं आजतागायत तपासलेलं नाही. कुणी त्याला विचारतही नाही. तिच्यावर मात्र शिक्का बसलाय. बाहेरून परतलेला पुरुष आजारी निघाला तर तो फसला, बाई निघाली तर ती बिघडली. त्या ताईला आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेलं. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. पोटगी सुरू झाली. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही असलेल्यांना महिन्याला दीड हजार रुपये मिळतात, उत्पन्नाची अट आहे, ते पण तिचं झालं. सांगली भागात संग्राम ही संस्था १९९२ पासून बायकांबरोबर या कामात आहे. तुमच्या जिल्ह्यात कोण आहे ते केंद्रावरच्या समुपदेशकाला विचारा, त्यांना ठाऊक असतं.

आणखी एक, जे पुरुषांच्या डोक्यात येतच नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. त्याची तपासणी साधी आहे, वेळेत सापडला तर बरा होतो. माझ्या बायकोची ती तपासणी पहिल्यांदा झाली आजार कळल्यावर सात वर्षांनी. मी तिला दर महिन्याला केंद्रावर बरोबर नेत होतो, गोळ्या आणत होतो, आणि एकदाही विचारलं नव्हतं की बायकांचं वेगळं काही असतं का. ती लाजून विचारणार नव्हती, मला सुचणार नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. खाडीच्या देशांत तपासणीत सापडलात तर परत पाठवतात, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून भीतीनं कुणी तपासत नाही आणि सुट्टीला घरी येऊन बायकोला आजार देऊन जातं. तर सुट्टीला याल तेव्हा पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत जा, दोघं मिळून जा. फुकट आहे, गुप्त आहे, तो निकाल एजंटला जात नाही, कंपनीला जात नाही. तोपर्यंत निरोध वापरा. बायको विचारेल कशाला, तर सांगा मला एका भाषणात सांगितलं. नवीन जाणाऱ्या पोरांना सांगा, एजंटला लाख-दीड लाख मोजायच्या आधी ही तपासणी करून घ्या. सापडलात तर पैसे तरी वाचतील, आणि कुणा दुसऱ्याचं रक्त देऊन फिट होऊन येऊ नका. तिकडं गोळी मिळत नाही, तुटते, आणि माणूस लेबर कॅम्पमध्ये झिजून मरतो.

अनफिट म्हणून सामान भरायला सांगितलं तर हिशेबाचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका, रिपोर्टचा आणि कराराचा फोटो काढून ठेवा. राहिलेल्या पगारासाठी वकिलातीत किंवा गावी आल्यावर ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. मी केली नाही. माझी ग्रॅच्युइटी गेली ती गेली.

आणि आजार म्हणजे मरण, हे डोक्यातून काढा. सरकारी गोळी २००४ पासून फुकट आहे. नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या जगातल्या मोठ्या अभ्यासात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपी होती. आमचा मुलगा आजाराच्या आधीचा, तो सुखरूप आहे. पण आमच्या गटातल्या चार जोडप्यांना नंतर मुलं झाली, चारही निगेटिव्ह.

बास, मी फार बोललो. प्रश्न असतील तर विचारा.

(एका मित्रानं विचारलं: दादा, तुम्ही वहिनींना कसं सांगितलं?)

सांगितलंच नाही मी. खोटं कशाला बोलू. मी मुंबईहून गाडीत बसलो तोवर गावात बातमी पोचलेली. मी घरी आलो, ती दारात उभी होती. तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, नेहमी सुट्टीला आल्यावर टाकायची तसा. आत आलो. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, “तिकडं जेवण नीट मिळत होतं का?” चार दिवस आम्ही दोघं एकाच खोलीत असून त्याबद्दल बोललो नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, मी पण तपासून येते. मी म्हणालो, ये जाऊन. हे दोन शब्द, ‘ये जाऊन’. त्या दिवशी मी उठून तिच्याबरोबर एसटीत बसायला पाहिजे होतं. मी आजारी होतो, पण चालता येत होतं मला.

तुम्हाला कुणाला सांगायचं असेल आणि तोंड उघडत नसेल, तर समुपदेशक ताईंना सांगा, त्या दोघांना समोर बसवून सांगतात, ते त्यांचं कामच आहे. भारतातून १०९७ ला फोन लागतो, पैसे पडत नाहीत. आत्ता माझी बायको इथंच बसलीय शेजारी, सगळं ऐकतेय. ती म्हणतेय, त्या तायांपैकी कुणाला बोलायचं असेल तर फोन तिच्याकडं द्या आणि पुरुषांनी जरा बाहेर जा.